कल्पित राज्यातली धर्मकोर्टं : निकाल लागला, पण दरखास्त कुठं लावायची?

भीमाकाठ

आपल्या कल्पित राज्याचा नकाशा आणि महसूल मागच्या धाग्यात झाला. हा धागा फक्त धर्मकोर्टांसाठी. राज्य तेराव्या शतकातल्या इंग्लंडच्या वळणाचं ठेवलंय. एक राजा, एकच चर्च, सात बिशप, त्यांच्यावर एक आर्चबिशप, आणि सर्वोच्च धर्मगुरू समुद्रापलीकडं. राजाची कोर्टं वेगळी, चर्चची वेगळी.

कच्चा आराखडा असा. सगळ्यात खाली आर्चडीकनचं, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या अधिकाऱ्याचं कोर्ट, गावोगाव फिरणारं. त्यावर बिशपचं कन्सिस्टरी कोर्ट, कॅथेड्रलच्या एका कोपऱ्यात, दर तीन आठवड्यांनी दोन दिवस. त्यावर आर्चबिशपचं अपिली कोर्ट, आणि शेवटचं अपील परदेशातल्या धर्मगुरूकडं. बिशप स्वतः बसत नाही, त्याच्या वतीनं कायदा शिकलेला 'ऑफिशियल' बसतो. विषय : लग्न, मृत्युपत्र, दशमांश (उत्पन्नाचा चर्चला द्यायचा दहावा हिस्सा), बदनामी, व्यभिचार, मोडलेली शपथ आणि पाद्र्यांचे गुन्हे. शिक्षा : प्रायश्चित्त आणि बहिष्कार. रक्त सांडणारी शिक्षा नाही.

एवढ्यावर गोष्टी लिहायला घेतल्या तर कुठं अडेल, ते सांगा.

जुना_नाझर

ताई, आराखडा बरोबर आहे. अडेल ते दरखास्तीत, म्हणजे निकालाची अंमलबजावणी करून घेण्यात.

दिवाणी कोर्टात हुकूमनामा हातात पडला की पक्षकाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, दरखास्त कधी लावायची? जप्तीचा वॉरंट निघतो, नाझराकडं जातो, बेलिफ दारात उभा राहतो. धर्मकोर्टाकडं यातलं काहीच नाही. माणसाला हात लावायचा अधिकार नाही, जमीन जप्त करायचा नाही. मग माणूस त्याचं ऐकतो का, हे आधी लिहा. निकाल कसा लागला ते नंतर.

इंग्लंडात यावर जी सोय होती ती तशीच उचलण्यासारखी आहे. समन्स बजावूनही माणूस आला नाही, किंवा हुकूम मानला नाही, तर आधी त्याला चर्चमध्ये पाऊल ठेवायला बंदी. तरी नमला नाही तर मोठा बहिष्कार : रविवारी भर प्रार्थनेत नाव जाहीर, घंटा वाजवून, मेणबत्त्या विझवून. त्याच्याशी कुणी बोलायचं-जेवायचं नाही. राजाच्या कोर्टात त्याला फिर्याद लावता येत नाही, त्याच्यावर मात्र कुणीही लावू शकतो. ज्याची येणी बाहेर अडकली आहेत अशा व्यापाऱ्याला हे सगळ्यात जास्त झोंबतं. त्याचे देणेकरी कोर्टात उभे राहून एवढंच म्हणतात, "हा बहिष्कृत आहे", आणि त्याचा दावा थांबतो.

असे ४० दिवस गेले आणि तरी माणूस हटून बसला, तर बिशप राजाच्या चॅन्सरीला, म्हणजे हुकूम काढणाऱ्या कचेरीला चिठ्ठी लिहितो. चॅन्सरीतून शेरीफच्या, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याच्या नावानं हुकूम सुटतो, शेरीफ त्याला पकडून तुरुंगात टाकतो. तो शरण येऊन जामीन देईपर्यंत आत. सुटकेलाही पुन्हा बिशपचंच पत्र लागतं.

म्हणजे दरखास्त राजाकडं लागते. या एका चिठ्ठीत तुमच्या अर्ध्या गोष्टी आहेत. ती फक्त बिशप पाठवू शकतो, आर्चडीकन नाही. त्याला बिशपच्या दाराशी जावं लागतं. हुकूम एका परगण्याच्या शेरीफचा असतो, माणूस नदी ओलांडून शेजारच्या परगण्यात गेला की नवा हुकूम. त्यानं वर अपील ठोकलं असेल तर पकडणं थांबतं. आणि शेरीफ त्याचा साडू असेल तर काय होतं, ते सांगायला नको.

शेंगाचटणी

लई भारी मांडलाव की ओ नाझरसाहेब. एक शंका. ४० दिवस कुठनं मोजायचे? समन्स बजावल्यापासनं की बहिष्कार जाहीर झाल्यापासनं?

जुना_नाझर

बहिष्कारापासून. म्हणून जाहीर केल्याची तारीख पॅरिशच्या, म्हणजे त्या गावच्या चर्चच्या पाद्र्यानं लिहून परत पाठवायची असते. ती नोंद आली नाही तर दिवस कशाच्या आधारावर मोजणार?

पाणीवेस

मला हद्दीबद्दल लिहायचंय. 'मृत्युपत्र चर्चकडं' एवढं म्हणून भागत नाही. माणूस मेला की त्याची मालमत्ता दोन तुकड्यांत फुटते. जंगम मालमत्ता, म्हणजे भांडी, गुरं, कापड, रोकड, येणी, यांचं मृत्युपत्र धर्मकोर्टात शाबित होतं. जमीन राजाच्या कायद्यानं वारसाकडं जाते. त्या काळात, काही शहरांतली घरं सोडली तर, जमीन मृत्युपत्रानं देताच येत नव्हती. एकाच मयताचे दोन दावे, दोन कोर्टांत, दोन वेगळ्या नियमांनी.

दशमांशाचंही तसंच. दशमांश कुणी किती द्यायचा ते चर्च ठरवतं. पण त्या चर्चवर पाद्री नेमायचा हक्क कुणाचा, हा वाद राजाच्या कोर्टात, कारण तो हक्क जमिनीसारखा विकला-विकत घेतला जातो. दशमांशाचा दावा पुढं सरकत सरकत या हक्काला भिडला, की समोरचा राजाच्या कोर्टातून मनाई हुकूम आणतो आणि धर्मकोर्ट तिथंच थांबतं. १२८६ च्या सुमारास पहिल्या एडवर्डनं आपल्या न्यायाधीशांना लिहून कळवलं होतं, की अमुक विषयांत चर्च बसलं असेल तर मनाई देऊ नका. तुमच्या राज्यात असं एक फर्मान हवंच, आणि त्यातला एखादा शब्द दोन्ही बाजूंनी आपल्याकडं ओढता येईल असा ठेवा.

मृत्युपत्रात आणखी एक व्यवहार. मयताचा माल एकाच बिशपच्या हद्दीत असेल तर त्याचं कोर्ट. पण दोन हद्दींत ठरावीक रकमेच्या वर असेल तर थेट आर्चबिशपचं कोर्ट. इंग्लंडात ही रक्कम पुढं ५ पौंड धरली जायची. फी कुणाला मिळणार हा सगळा मामला असल्यामुळं, मयताची १० मेंढरं नक्की कुठल्या कुरणात होती यावर दोन कोर्टांचे कारकून हमरीतुमरीवर येऊ शकतात.

कंबरतलाव

लग्नाचा दावा मी सविस्तर लिहिते, कारण वाचकाला सगळ्यात जवळचा तोच वाटेल आणि चुकाही तिथंच होतात.

पहिली चूक म्हणजे लग्नाला पाद्री आणि चर्च लागतंच असं गृहीत धरणं. बाराव्या शतकात पोप तिसरा अलेक्झांडर याच्या निर्णयांनी जे पक्कं झालं ते असं : दोघांनी एकमेकांना वर्तमानकाळात शब्द दिला, "मी तुला बायको म्हणून स्वीकारतो", की लग्न झालं. विहिरीवर, गोठ्यात, कुठंही. भविष्यकाळात दिला, "स्वीकारीन", तर ते वचन; पण त्यानंतर शरीरसंबंध आला की त्याचंही लग्न झालं. चोरून केलेलं लग्न पाप होतं, दंडाला पात्र होतं, पण वैध होतं. पाद्री आणि साक्षीदारांची सक्ती कॅथलिक जगात १५६३ ला ट्रेंटच्या परिषदेत आली, इंग्लंडात तर १७५३ च्या कायद्यानं.

आता मराठीत लिहिताना इथं फार जपा. आपण "उद्या पैसे देतो" म्हणतो तेव्हा 'देतो' वर्तमानकाळी दिसतं, पण अर्थ भविष्याचा. त्यामुळं "मी तुला करून घेतो" हे वाक्य मराठी कानाला वचनही वाटेल आणि लग्नही. गोष्टीत पेच हवा असेल तर हेच वाक्य वापरा. नको असेल तर "आत्ता, या घडीला" असे शब्द घाला. इंग्रजीतही 'आय विल' वर असाच घोळ होता, त्यात इच्छा धरायची की भविष्यकाळ, यावर वकील भांडायचे.

दावा चालतो तो असा. बाईचा प्रॉक्टर, म्हणजे आपला वकील, समन्स काढतो. प्रतिवादी आला की दावा लेखी दाखल होतो. प्रतिवादी नाकारतो, तिथं वाद जोडला जातो. मग दाव्याची छोटी छोटी कलमं पाडतात : अमुक दिवशी, अमुक घरात, अमुक शब्द बोलले. त्या कलमांवर साक्षीदार. पूर्ण पुराव्याला दोन साक्षीदार लागतात, एकाच्या भरवशावर लग्न सिद्ध होत नाही. साक्ष भर कोर्टात होत नाही. तपासनीस एकेकाला आत बोलावून, समोरच्याला बाहेर ठेवून, शपथेवर विचारतो आणि कारकून लिहितो. उलटतपास आपल्यासारखा तोंडी नाही. समोरच्यानं प्रश्न आधी लिहून द्यायचे, तेच तपासनीस विचारतो. सगळ्यांचं झाल्यावर साक्षी उघड करतात, नकला दोघांना मिळतात, त्यानंतर नवे साक्षीदार आणायला सहसा परवानगी नाही. म्हणून साक्षीदारांना फोडायचं असेल तर ते नकला मिळायच्या आत. गोष्टीतला खलनायक नकला बाहेर आल्यावर साक्षीदाराला धमकावत बसला, तर जाणकार वाचक पुस्तक मिटेल.

भाषेचं बघा. साक्षीदार गावच्या बोलीत बोलतो, नोंद लॅटिनमध्ये होते. पण लग्नाचे नेमके शब्द आणि बदनामीतली नेमकी शिवी पुष्कळदा बोलीतच लिहून ठेवायचे, कारण सगळा निकाल त्या शब्दांवर. सोलापुरात हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. साक्षीदार कन्नडात किंवा तेलुगूत बोलतो, कागदावर मराठी उतरतं, आणि शिवीचं भाषांतर करताना काय हरवतं ते आपल्याला ठाऊक आहे.

होटगी_रोड

यात नात्याची अट राहिली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं मनाईच्या पिढ्या सातावरून चारावर आणल्या. सख्खी भावंडं पहिली, चुलत-मामे-आते भावंडं दुसरी, त्यांची मुलं तिसरी, नातवंडं चौथी. आपल्याकडं मामाची मुलगी करतात, तिथं ती दुसऱ्या पिढीत सापडते आणि लग्न मुळातूनच बाद. नात्याची अडचण फक्त रक्ताची नाही, सासरकडची आणि बाप्तिस्म्यातल्या धर्ममातापित्यांचीही येते. छोट्या डोंगरी प्रांतात चार पिढ्यांबाहेरचं माणूस शोधणंच कठीण. तिथं धर्मगुरूकडून सूट आणायची सोय ठेवा.

आणि घटस्फोट हा शब्द सरसकट वापरू नका. लग्न मुळात झालंच नव्हतं असा निकाल वेगळा, त्यानंतर दोघं मोकळे. क्रूरता किंवा व्यभिचारावरून नुसतं वेगळं राहायचा निकाल वेगळा, त्यात लग्न शाबूत आणि दुसरं करता येत नाही.

पाणीवेस

होटगी_रोड, यातच वारसा जोडून टाका. आईबापांनी मूल झाल्यावर लग्न केलं तर चर्चच्या कायद्यानं ते मूल औरस ठरतं. १२३६ ला मर्टनच्या बैठकीत बिशपांनी हाच नियम जमिनीलाही लावा म्हटलं, आणि सरदारांनी साफ सांगितलं, इंग्लंडचा कायदा आम्ही बदलणार नाही. तोवर राजाचं कोर्ट बिशपला विचारायचं, "हा औरस आहे का?" आणि बिशपच्या दाखल्यावर निकाल द्यायचं. पण बिशप आपल्या नियमानं 'होय' म्हणणार हे ठाऊक असल्यामुळं न्यायाधीशांनी प्रश्नच बदलला : "लग्नाच्या आधी जन्मला की नंतर?" एकच मुलगा वेदीपुढं औरस आणि बांधावर अनौरस. भीमाकाठताई, तुमच्या उत्तरेकडच्या जहागिरीला असा एक वारस द्या.

निशाणी५

चर्चचं कोर्ट म्हणजे छळ, साखळदंड आणि जिवंत जाळणं असंच चित्र मराठी वाचकाच्या डोळ्यापुढं येणार. गोव्याची आठवण आहे ना. ते कसं टाळायचं?

कंबरतलाव

दोन्ही संस्थांना वेगवेगळी नावं देऊन. गोव्यातलं इन्क्विझिशन १५६० ला सुरू झालं, १८१२ ला कायमचं संपलं, मध्ये १७७४ ते १७७८ बंद होतं. ती पाखंड हुडकायला खास उभी केलेली यंत्रणा. बिशपचं कन्सिस्टरी म्हणजे रोजचं कोर्ट : कुणी कुणाला चोर म्हणालं, कुणी दशमांशाच्या पेंढ्या ठेवल्या नाहीत, कुणाच्या मृत्युपत्रातली गाय कुणी नेली. पहिल्या प्रकरणात एक शेजारणींचा बदनामीचा दावा दाखवा, चित्र आपोआप बदलेल.

जुना_नाझर

पाद्र्यांच्या गुन्ह्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. राजा आणि चर्च यांची खरी टक्कर इथं झाली. ११६४ ला क्लॅरेंडनमध्ये दुसऱ्या हेन्रीनं मागणी केली : पाद्र्यानं गुन्हा केला तर आरोप आमच्या कोर्टात, चौकशी तुमच्यात, पद काढून घेतलंत की शिक्षेला पुन्हा आमच्याकडं. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट म्हणाला, एका गुन्ह्याला दोन शिक्षा नाहीत. २९ डिसेंबर ११७० ला कँटरबरीच्या कॅथेड्रलमध्ये त्याचा खून झाला, आणि त्यानंतर राजाला या मुद्द्यावर माघार घ्यावी लागली.

पुढं जी पद्धत बसली ती : खुनाचा आरोप असलेला पाद्री राजाच्या कोर्टात उभा राहतो आणि सांगतो, मी पाद्री आहे. तरी ज्यूरीला विचारतात, यानं केलं का? 'होय' आलं तर त्याचा माल राजा ताब्यात घेतो आणि माणूस बिशपच्या हवाली. तिथं शपथशुद्धी : तो शपथेवर नाकारतो आणि ठरलेल्या संख्येचे, बहुधा १२, पाद्री शपथ घेतात की याच्या शपथेवर आमचा विश्वास आहे. ते घटना पाहिलेले साक्षीदार नसतात, त्याच्या शब्दाचे जामीन असतात. हा फरक लिहिताना सुटतो. एक जरी कमी पडला तर शुद्धी फसली, मग बिशपचा तुरुंग.

पाद्री असल्याचा पुरावा काय? आधी डोक्यावरचा मुंडलेला गोल आणि कपडे. चौदाव्या शतकापासून वाचता येणं हीच कसोटी झाली आणि साधी माणसंही त्यातून सुटू लागली. बहुतेक वेळा ५१ व्या स्तोत्राची पहिली ओळ पुढं धरायचे, म्हणून ती पाठ करून सुटणारे निघाले. १४८९ ला त्यावर तोड काढली : दीक्षा न घेतलेल्याला ही सवलत एकदाच, आणि अंगठ्यावर डाग, खुन्याला 'एम', चोराला 'टी'. दुसऱ्यांदा आला की आधी अंगठा बघायचे. सवलत इंग्लंडात पूर्ण संपली ती १८२७ ला.

शेंगाचटणी

मराठी शब्दांचं काय करायचं? ऑफिशियल, अ‍ॅपॅरिटर (समन्स नेणारा) असं लिहिलं तर वाचणार कोण बे? पंडितराव, गोतसभा, महजर, शेरणी, हे आपले शब्द आहेत की.

कंबरतलाव

शब्द घ्या, पण माणसं अदलाबदल करू नका. महजर म्हणजे सभेत हजर असलेल्यांच्या साक्षीनं झालेला निवाड्याचा कागद. बंद खोलीत घेतलेल्या साक्षीच्या कोर्टाला तो चिकटवला की दोन्ही बिघडतात. गोतसभेत वतनदार, जातभाई, शेजारी बसतात, इथं पगारी कायदेपंडित एकटा बसतो. जिंकणाऱ्यानं हरकी द्यायची आणि हरणाऱ्यानं गुन्हेगारी, हे आपल्याकडं सरकारात जमा होतं. तिथं फी प्रत्येक कागदावर कारकुनाला.

दिव्यही, म्हणजे आगीतून-पाण्यातून खरंखोटं ठरवणंही नको. उकळत्या तेलातून रवा, म्हणजे धातूचा तुकडा काढणं आपल्याकडं मराठा काळातही होतं. तिथं तापलेलं लोखंड आणि पाणी होतं, पण १२१५ च्या परिषदेनं पाद्र्यांना दिव्याला आशीर्वाद द्यायला बंदी केली, आणि आशीर्वादाशिवाय दिव्याला अर्थच उरला नाही. राज्य तेराव्या शतकाच्या वळणाचं आहे, तेव्हा फार तर एखाद्या म्हाताऱ्याच्या आठवणीत ठेवा.

शब्द घ्यायचे तर कोर्टातलेच घ्या : शिरस्तेदार, रोजनामा, नक्कल, बजावणी, पुरसिस. वाचकाला ओळखीचे आणि कामाला चोख.

जुना_नाझर

रोजनाम्याला माझा दुजोरा. त्याच परिषदेनं नियम केला, की न्यायाधीशानं सगळं कामकाज लिहायला सरकारमान्य लेखक ठेवावा, नाही मिळाला तर दोन लायक माणसं. त्यामुळं "नोंदच नाही" ही पळवाट तुमच्या ऑफिशियलला सहज मिळू देऊ नका.

बजावणीबद्दल. समन्स नेणारा गावात जातो, माणसाला गाठतो, समन्स दाखवतो, कोर्टात परत येऊन शपथेवर सांगतो की बजावलं. माणूस लपून बसला तर दुसरं समन्स : घराच्या दाराला किंवा चर्चच्या दाराला डकवायचं. डकवलं की बजावलं असं धरतात. इथंच सडतं. या माणसाला पगार नाही, बजावणीमागं पैसे मिळतात. खोटं व्यभिचाराचं समन्स दाखवून "मिटवायचं का?" विचारणं त्याला सोपं जातं, कारण बदनामीच्या भीतीनं निरपराध माणूसही पैसे देतो. उपाय ठेवायचा असेल तर प्रत्येक समन्सवर शिरस्तेदाराचा आकडा आणि शिक्का, आणि तोच आकडा रोजनाम्यात. आकडा जुळला नाही की समन्स खोटं.

अंतराची मर्यादाही घाला. परिषदेचाच नियम : धर्मगुरूचं पत्र आणून कुणाला त्याच्या बिशपच्या हद्दीबाहेर दोन दिवसांच्या वाटेपेक्षा लांब खेचता येणार नाही. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांना ४५ किलोमीटर पायाखाली घालणं म्हणजे काय ते माहीत आहे. दोन दिवस म्हणजे साधारण इथून पंढरपूर. नकाशावर कंपास घेऊन प्रत्येक बिशपच्या हद्दीभोवती तेवढी कड आखा.

निशाणी५

विषयाला धरूनच एक. भारतात कॅथलिक चर्चची विवाह न्यायाधिकरणं आजही लग्न रद्दबातल ठरवतात. पण १९९६ ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की त्या निकालानं देशाच्या कायद्यापुढं लग्न संपत नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली दिवाणी कोर्टात जावंच लागतं. नाहीतर दुसरं लग्न केल्यास ते बेकायदा. नाझरसाहेबांचा दरखास्तीचा मुद्दा आजही तोच आहे.

भीमाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. दुरुस्त कलमं अशी धरते. चिठ्ठी फक्त बिशपची, ४० दिवस बहिष्कार जाहीर झाल्यापासून, पॅरिशच्या नोंदीवरून, हुकूम परगण्यापुरता. समन्सवर आकडा. दोन दिवसांची कड नकाशावर. उत्तरेच्या जहागिरीला लग्नाआधी जन्मलेला वारस. "करून घेतो" हे वाक्य विणकरावरच्या लग्नाच्या दाव्यात.

एकच राहिलं. तो विणकर हरला, शपथ मोडल्याबद्दल त्याला प्रायश्चित्त सुनावलं. ते दिसतं कसं?

कंबरतलाव

रविवारी सकाळी, आपल्याच पॅरिशमध्ये. अंगावर पांढरी चादर, पाय उघडे, डोकं उघडं, हातात मेणबत्ती. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं चालायचं, प्रार्थना चालू असताना सगळ्यांना दिसेल असं उभं राहायचं, आणि शेवटी मेणबत्ती वेदीवर अर्पण करायची. किती रविवार ते निकालात लिहिलेलं असतं. विणकर आहे, तर चादर त्याच्याच मागावरची असू द्या.

जुना_नाझर

आणि शेवटच्या रविवारी पाद्र्याकडून पूर्ततेचा दाखला घ्यायला त्याला विसरायला लावू नका. तो दाखला पुढच्या तारखेला कोर्टात हजर झाला नाही, तर त्यानं काहीच केलं नाही असं धरून समन्स पुन्हा निघतं.

भीमाकाठ

दाखला पाद्र्याकडं अडकवते. दोन दिवसांच्या वाटेवर, पुरात.